खारट मोगरा

मातीत बोट खुपसायचं आणि ते सरळ जिभेच्या टोकाला लावायचं, ही तिची रीत. तुम्ही रेवदंड्याला आमच्या आळीत राहिला असता तर तुम्हीही तिला अशीच पाहिली असती: एक हात कमरेवर, तोंडात माती आणि चेहऱ्यावर मामलेदाराची ऐट. ती माझी शेजारीण, विधवा. सगळी आळी तिला मावशी म्हणे.

मी डोक्यावरून नारळ वाहत पुढे स्वतःची वाडी केलेला माणूस. सौद्यात मला कुणी वाकवलं नाही. तिनं वाकवलं, आणि तो राग अजून गेलेला नाही.

तो मिठाच्या चळवळीचा उन्हाळा. बायको बाळंतपणाला भावाकडे गेली होती. तिच्या वारलेल्या आईनं लावून दिलेला मोगरा आमच्या ओट्यावर कुंडीत होता. "तेवढा सांभाळा," एवढंच ती सांगून गेली.

ती परत येईल तेव्हा कुंडी फुलांनी लगडलेली असावी, म्हणून आम्ही माडाच्या आळ्यात घालतो तेच मी कुंडीत घातलं: कुटलेली सुकी मासळी आणि वर मीठ. माड त्यावर खूश असतो. मोगऱ्याची पानं कडेनं करपली आणि गळू लागली.

मावशीनं कुंडीत बोट खुपसून चाटलं आणि ती थुंकली.

"आरं, सारा मुलूख मीठ काढतोय, आन् तू मोगऱ्यात वततोस व्हय?"

"माडाला चालतं ते याला का नाही?" मी ओरडलो.

"तान्ह्या पोराला सुकट भरवतोस का? आण हिकडं."

"काय घेशील ते आधी बोल."

"मला का गजरा माळायचाय?" ती हसली. "माझ्या अंगणात आवाज चढवायचा न्हाय. बास."

"अंगणातच ना? ओट्यावर चालेल?"

"वट्यावर बी न्हाय."

तिनं कुंडी उपडी केली. गोड्या विहिरीच्या पाण्यात मुळं हलक्या हातानं धुतली, काळी पडलेली कापली आणि कोऱ्या मातीत लावून कुंडी केळीच्या सावलीत ठेवली. मी रोज जाऊन दात आवळून बसायचो. एकदा न राहवून म्हणालो, "थोडं पेंडीचं पाणी तरी..."

"गप. त्याला जेवायचं न्हाय, जगायचं हाय."

बायको मुलीला घेऊन परतली तेव्हा मोगऱ्याची नुसती काडी होती. ती कुंडीजवळ बसून रडली. मावशीनं तिचं बोट धरून काडीच्या बुंध्याशी नेलं. तिथं तांदळाएवढा हिरवा कोंब होता. मीठ कुणी घातलं, याबद्दल चकार शब्द नाही.

मी मावशीकडे नारळांची पाटी पाठवली, ती परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. सांगा, धंद्याच्या माणसानं हे कसं पचवायचं?

थंडीत ती लेकीकडे उरणला गेली, शिडाच्या मचव्यानं, मला न सांगता. तिथंच वारल्याचा निरोप आला.

उन्हाळ्यात मोगरा पांढरा झाला. बायकोनं पहिली फुलं ओंजळीत घेतली आणि मावशीच्या बंद दाराच्या उंबऱ्यावर ठेवली. आमची मुलगी तेव्हा धरून धरून उभी राहत होती. ती त्या दारावर थापा मारत राहिली. आम्ही तिला मारू दिल्या.