पिठातला तालुका

कुवेतच्या लढाईच्या दिवसांत आम्ही सौदीत अल खर्जला दूधडेरीवर होतो. नवरा गायींचं दूध काढायचा, मी कामगारांच्या मेसमध्ये रोट्या करायची. रियाधचा ट्रक येईना, पीठ तळाला गेलं. बॉम्बचा भोंगा वाजला की सगळे माझ्या रांधपघरात येऊन बसायचे.

त्यात गायींचा एक गोरा डॉक्टर असायचा, ऑस्ट्रेलियाचा. विषारी गॅसपासून वाचायचा मुखवटा डेरीने त्याला एकट्यालाच दिलेला. तो टोपीसारखा डोक्यावर चढवून बसायचा.

एकदा भोंगा वाजला नि त्याला आपला मुलूख आठवला. शेवटचं पीठ मी परातीत चाळून ठेवलेलं. त्यातच ह्याने बोटाने रेघा ओढल्या.

"चाची, ये मेरा तालुका. इधर नदी, बाकी सब सीधा लाइन."

तालुक्याचं नाव म्हणे एका इंग्रज लॉर्डाचं. तो तिकडे कधी गेलाच नाही.

मी विचारलं, ह्या रेघा मारायच्या आधी तिथे कोण राहायचं?

"आदमी था. लेकिन नक्शे में खाली था."

"आणि कुवेतची रेघ कोणी मारली? तिच्यापायी आमचं पीठ संपलं."

तो हसला. "वो भी हमारे जैसा साहब लोग."

आमच्या गावात शेताच्या मेरेचा दगड वीतभर सरकला तरी भावाभावांची डोकी फुटतात.

मी परातीत पाणी ओतलं. नदी, लॉर्ड, सरळ रेघा, सगळं एकत्र मळलं, रोट्या भाजल्या नि ताटं वाढली. प्रत्येकाला एकच रोटी आली.

साहेबाने आपला तालुका चावून चावून खाल्ला नि म्हणाला, "चाची, नमक कम है."