सकाळच्या निऱ्या

"निऱ्या पण जमत नाहीत तुला? घरी आई साडी नेसते की गोणपाट?"

भरल्या दुकानात मॅनेजर मॅडम बोलल्या. मी मीरा रोडला साड्यांच्या दुकानात सेल्सगर्ल. गिऱ्हाइकाला साडी पसंत पडली की ती आपल्याच अंगावर, ड्रेसवरून नेसून दाखवायची, ही इथली पद्धत. त्या सकाळी बोटं मिटेनात. सुजलेली, आखडलेली. निरी धरली की सुटायची, साडी सरसर पायाशी. गिऱ्हाईक बाई हसल्या. मॅडमनी मला आरशासमोर उभं केलं आणि सगळ्यांदेखत परत परत निऱ्या घालायला लावल्या. माझे डोळे भरून आले. त्याचाच मला जास्त राग आला.

मग रोज सकाळी हेच. दुपारपर्यंत बोटं सैल व्हायची. मग मी भराभर घड्या घालायचे. तिथंच घात झाला.

"बघा, जेवली की हिचा रोग पळतो," मॅडम म्हणायच्या. "तुम्हा लोकांना जिथे तिथे सवलत पाहिजे."

सवलत. हा शब्द शाळेपासून माझ्या आडनावाला चिकटलाय. मराठवाड्यातून आलेलं बौद्धांचं घर आमचं, पेणकरपाड्यात राहतो. आपल्याला कुणी कामचुकार म्हणू नये, हे आमचं बाळकडू. म्हणून दुखणं गिळत राहिले. गरम पाण्यात बोटं बुडवायची, गोळी खायची, निघायचं. गालांवर लाली उमटली, तर मॅडम म्हणाल्या, "कामाला येतेस की नटायला?" शेवटी मलाही वाटायला लागलं, आपण नाटक तर करत नाही ना?

आईनंच ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी बोटं दाबून पाहिली, मग गाल. "उन्हात लाली वाढते का? तोंडात फोड येतात?" मला 'तुम्ही' म्हणत होत्या. "ल्युपसची सुरुवात अशी असू शकते. शरीर स्वतःवरच उलटतं त्यात. नसेलही. पण रक्त, लघवी तपासायलाच हवी. अंगावर काढू नका, किडनीपर्यंत जाऊ शकतं."

मी विचारलं, "सकाळी जास्त दुखतं, दुपारी कमी होतं. असं असतं?"

"असतं."

एवढंच. मला तिथंच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे तपासणीसाठी सुट्टी मागितली.

"लग्नसराईत? आधी निऱ्या घालून दाखव, मग बघू." एक साडी माझ्या पुढ्यात फेकली.

मी ती उचलली. वाकडीतिकडी घडी घातली आणि गादीवर ठेवली.

"आता विचारत नाहीये मॅडम, सांगतेय. मी तपासणीला चाललेय."

"मग परत येऊ नकोस."

"येणार. काम पण करणार. पण सकाळी निऱ्या घालणार नाही."

रिपोर्ट अजून यायचेत. जीव थाऱ्यावर नाही. सकाळी जाग आली की आधी मूठ मिटते का ते बघते. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. ल्युपस निघाला तर औषध घेईन, लढेन. नाही निघाला तर कशानं दुखतं ते शोधेन, सोडणार नाही. पण मला दुखतंय, हे पटवून द्यायला यापुढे कुणाच्याही आरशासमोर उभी राहणार नाही.