माहेरचा कोपरा

डेअरीच्या वासरांच्या गोठ्यात बावीस वर्षे राबलेल्या त्या बाईला सारे दाई म्हणत. सकाळी गोठ्यात शिरल्यावर ती वासरांच्या तोंडाकडे आधी पाहत नसे. हातात काडी घेऊन थेट मागच्या बाजूला जाई. “तोंड लबाडी करतं,” ती म्हणे, “शेण करत नाही.” काडीने शेण उकलून ती त्याचा रंग आणि चिकटपणा पाही, प्रसंगी वासही घेई, आणि आपल्या वहीत त्या वासराच्या बिल्ल्याच्या क्रमांकापुढे खूण करी. गोल म्हणजे ठीक, आडवी रेघ म्हणजे पातळ, फुली म्हणजे रक्त. शेजारी ते वासरू कोणत्या कप्प्यात होते त्याचा आकडा. लिहिणे-वाचणे बेताचेच असले, तरी या वहीत तिचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या थंडीत वहीत फुल्या वाढल्या. तीन आठवडे टुणटुणीत असलेले वासरू अचानक शेपटी उचलून कुंथू लागे, शेणात रक्ताचे धागे दिसत आणि चार-पाच दिवसांत डोळे खोल जात. जंतांचे औषध सगळ्यांना दोनदा पाजून झाले होते. तिसरे वासरू गेले त्या दिवशी मालक दारात येऊन उभे राहिले.

“दाई, आता पुरे. आणखी एक गेलं की हा गोठा बंद. वासरू आठ दिवसांचं झालं की विकून मोकळं व्हायचं.”

“आणि मी?”

“कॅन धुवायला माणूस हवाच आहे.”

“कॅन धुवायला हात लागतात, मालक. डोळे कुठे ठेवू?”

मालक हसले नाहीत. दाईही हसली नव्हती. त्याच दिवशी सकाळी कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या चांदकीच्या शेणात तिला पहिला लाल धागा दिसला होता.

दुसऱ्या दिवशी ती नमुने घेऊन जनावरांच्या दवाखान्यात निघाली. तिचा नवरा शिंपी होता. दुकानात जाण्याच्या घाईत त्याने ओट्यावरचा स्टीलचा डबा उचलला.

“हा माझा ना गं?”

“उघडून बघा.”

त्याने उघडला, आणि मान फिरवून लांब धरला. “इतकी वर्षं संसार केला, त्याचं हे फळ?”

“झाकण घट्ट लावा. आज तुमच्यापेक्षा त्याला जास्त किंमत आहे.”

दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने लहान, पण कामात चोख होती. सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवून तिने दाईलाच आत पाहायला लावले. आत बारीक बारीक गोल दाणे विखुरले होते.

“हे जंत नाहीत, मावशी. म्हणून तुमचं औषध वाया गेलं. हा त्याहून कितीतरी लहान, एका पेशीचा जीव. वासरू काहीबाही चाटतं तेव्हा पोटात जातो, आतड्याचं अस्तर पोखरतो आणि शेणावाटे बाहेर पडतो. ताज्या शेणात तो कच्चा असतो. ओल आणि ऊब मिळाली की दोन-चार दिवसांत पिकतो, आणि मग लागण करतो.”

“फिनेल रोज टाकते मी.”

“फिनेलला तो दाद देत नाही. वाफ आणि कडक कोरडी जागा, हे त्याचे वैरी.”

“पोटात गेल्यावर दुखणं कधी दिसतं?”

“अडीच-तीन आठवड्यांनी.”

दाईने बोटांवर आठवडे मोजले. “म्हणजे आजारी पडली तिथे शोधून उपयोग नाही. तीन आठवड्यांपूर्वी होती तिथे शोधायचं.”

डॉक्टरणीने चांदकीसाठी औषध आणि पाण्यातून द्यायच्या क्षारांच्या पुड्या दिल्या. बाहेरच्या बाकावर बसून दाईने वही उघडली आणि फुल्यांपासून मागे मागे बोट नेले. मेलेली तिन्ही वासरे, आणि चौथी चांदकी. पहिल्या आठवड्यात चौघांपुढे एकच आकडा होता. तो कोपऱ्यातला कप्पा.

त्या कोपऱ्याला गोठ्यात ‘माहेर’ म्हणत. पलीकडे बॉयलर असल्याने तिथली भिंत कायम कोमट असे. दाईने नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक मरायला टेकलेले वासरू त्या भिंतीशी ठेवून वाचवले होते, आणि तेव्हापासून अशक्त जन्मलेले वा हगवण लागलेले प्रत्येक वासरू तिथेच जाई. पेंढा उबदार राहावा म्हणून ती तो पुरता काढतही नसे. ओल्यावर कोरडा अंथरी. ऊब तिची, ओल तिची आणि मायाही तिचीच. आजारी वासराने सोडलेले पिकवून ती नव्याच्या तोंडाशी नेऊन ठेवत होती. तिला रडू आले नाही; राग आला, आणि तो तिने बसच्या सबंध प्रवासात जपून ठेवला.

आल्याबरोबर तिने मालकांना सगळे सांगितले. आपला हात कुठे होता, तेही.

“हे माझ्यापाशी बोलायची गरज नव्हती तुला,” मालक म्हणाले.

“होती. नाहीतर तुम्ही वासरांना विकाल आणि कोपरा तसाच ठेवाल. चांदकी बरी होईपर्यंत थांबा. ती गेली तर मी स्वतः कॅन धुवायला जाते.”

त्या दुपारी माहेर मोडले. वीतभर जाडीचा पेंढा कुदळीने निघाला. खालून आंबूस वाफ आली. कॅन धुवायची वाफेची नळी ओढून आणून दाईने फरशीचा सांधा न् सांधा भाजून काढला, मग दोन्ही बाजूंच्या फळ्या उखडून वारा खेळता केला. दाणा-पाण्याची भांडी शेण पडणार नाही इतकी उंच टांगली. चांदकी दुसऱ्या, हवेशीर कप्प्यात, कोरड्या पेंढ्यावर थरथरत उभी होती. भिंतीची ऊब काढून घेतली, तर तिच्या जागी काय द्यायचे? नवऱ्याने जुन्या घोंगडीचे अंगरखे शिवून दिले, पोटाखाली पट्टा असलेले. “माप घ्यायला गिऱ्हाईक स्वतः आलं असतं तर बरं झालं असतं,” एवढे मात्र त्याने ऐकवलेच.

चांदकीला औषध, दर दोन तासांनी थोडे थोडे क्षारांचे पाणी, आणि नेहमीचे दूध. तीन दिवस फुली. चौथ्या दिवशीही फुली. मालक रोज दारापर्यंत येत, वहीकडे पाहत आणि परत जात. सहाव्या दिवशी आडवी रेघ उतरली. अकराव्या दिवशी दाईने काडीने शेण दोनदा उकलले, उजेडात नेऊन तिसऱ्यांदा पाहिले, आणि मग वहीत गोल काढला. डबा पुन्हा दवाखान्यात गेला. दाणे तुरळक उरले होते.

गोठ्याचे काय, हे मालकांनी सांगितले नाही, आणि दाईने विचारले नाही. पुढच्याच आठवड्यात पहाटे एक वासरू वेळेआधी जन्मले. मालक ते स्वतःच्या हातांवर घेऊन धावत आले.

“दाई, गार पडलंय गं. आजचा एक दिवस ठेवू या ना माहेरात.”

कोपऱ्यात आता खराटे आणि बादल्या होत्या. दाईने तिकडे पाहिलेही नाही. खुंटीवरचा अंगरखा काढून तिने कोरड्या पेंढ्यावर पसरला.

“इथे ठेवा. आणि पुढचे पाय धरा, पट्टा बांधायचाय.”

मालकांनी गुडघे टेकले आणि पाय धरले.