एकाच अक्षरातले बारा अर्ज

अर्धे कपडे दोरीवर, अर्धे बादलीत, हातात अर्धवट पिळलेली चादर. आणि नेमक्या तेव्हाच शाळेच्या मोठ्या बाई मावशींच्या दारात उभ्या.

मावशी सरकारी शाळेत बावीस वर्षं शिपाई. घंटा त्यांची, फडका त्यांचा आणि फुटलेल्या गुडघ्यावरची फुंकरही त्यांचीच. यंदा सरकारने नवं काढलं. मुलांना खासगी शाळेत घाला, फीसाठी आम्ही व्हाउचर देऊ! झालं, पोरं भराभरा निघाली. पट विसाच्या खाली गेला की शाळेला कुलूप, असा हुकूम. आता उरली होती बरोब्बर वीस.

बाईंनी कागदांचा गठ्ठा पुढे धरला. "मावशी, व्हाउचरच्या या बारा अर्जांवर अक्षर कुणाचं?"

"माझंच की. त्यांच्या आयांना लिहिता येत नाही."

"म्हणून आपल्याच शाळेच्या मुळावर उठलात?"

"दारी आलेल्याला नाही कसं म्हणू, बाई? देव बघतो वरून."

"देव बघतो आणि शिक्षण खात्याचे साहेबही बघतात! 'शाळा का सोडता', तिथे काय लिहिलंत?"

खोटं लिहिणं मावशींच्या रक्तात नव्हतं. बाराही ठिकाणी एकच ओळ : मुलींच्या संडासात नळाला पाणी नाही.

मावशींनी ओली चादर पोटाशी धरली. गेली नोकरी!

बाईंना मात्र हसू आवरेना. "तीन वर्षं मी त्या नळासाठी पत्रं पाठवतेय. कुणी ढुंकून पाहिलं नाही. तुमचे बारा अर्ज एकदम वाचून साहेबांनी आज दुरुस्ती मंजूर केली!"

"मग पोरं परत येतील?"

"गेली ती गेली हो. राहिलेली टिकली तरी पुष्कळ."

मावशींची नजर देवाच्या फळीकडे गेली. तिथे तेरावा अर्ज होता, शिंपीणबाईंच्या लेकीचा, कोराच. मुदत उद्यापर्यंत. "नळाला पाणी आलं असतं तर कशाला हलवलं असतं पोरीला?" असं शिंपीणबाई कालच म्हणाल्या होत्या. ती गेली की उरणार एकोणीस.

"बाई, तेवढी चादर वाळत घाला," म्हणत मावशींनी ती मोठ्या बाईंच्याच हातात कोंबली, देवाला हात जोडले आणि पायात चपला सरकवल्या.

"अहो, निघालात कुठे?"

"प्लंबरला आणायला."