देवाजी काका आणि चांदणीचा पाय

भिलाई सपाट. चढ हवा असेल तर रेल्वेचा ओव्हरब्रिजच. हुडको कॉलनीतले आमचे शेजारी देवाजी काका रोज सकाळी आपल्या घोडीला त्या पुलावर चढवायचे, उतरवायचे, पुन्हा चढवायचे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. सायकलवरून बाजूने जाताना काही विचारायचा धीर व्हायचा नाही. शेवटी एकदा विचारलं, "काका, कुठं चाललात?"

"कुठीच नाही. तिले चालवून राहिलो."

काका मूळचे गोंदियाकडचे. स्टील प्लांटमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी लग्नाच्या बारातीसाठी ही घोडी, चांदणी, घेतली. एका बारातीत नवरदेव पाठीवर असतानाच तिचा मागचा पाय काठीसारखा ताठ मागे राहिला. गुडघ्याची वाटी वर अडकली होती. काका म्हणाले, नवरदेवाला उतरवा. मंडपाआधी उतरणं म्हणजे अपशकुन. नवरदेवाचे मामा ओरडले, "दूल्हा नहीं उतरेगा!"

"मंग मी नेतो त्याले खांद्यावर. तिच्या पाठीवर आता कोणी नाही बसत."

काकांनी नवरदेवाला स्वतःच उचलून खाली ठेवलं. वाटीवर तळहात दाबून घोडीला दोन पावलं मागे सरकवलं. खट्ट आवाज आला, पाय वाकला. नवरदेव मात्र पायीच मंडपात गेला.

त्यानंतर काकांनी तिला महिनाभर बांधून ठेवलं. गूळ, चणे, मालिश, सगळं. फक्त चालणं नाही. पाय दिवसातून चारदा अडकू लागला. जनावरांचे डॉक्टर चिडले, "आराम दे-देके आपने ही बिगाड़ा है." मांडी सुकली होती, म्हणून वाटी जागेवर राहत नव्हती. तीन महिने चढावर चालवा, नाही तर शीर कापावी लागेल, असं ते म्हणाले. काका हे ज्याला त्याला सांगायचे. "लाड मीनं केले, अन् चाकू तिले लागला असता."

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तिला वळवून, मागे सरकवून पाहिलं. पाय अडकला नाही. चाकू टळला.

तरी बुकिंग घेताना काका सांगायचेच, "पाय अडकला तं नवरदेवाले उतरा लागन. मंजूर असन तं बोला." बहुतेक लोक दुसरीकडे जायचे. माझ्या दादाच्या लग्नात आम्हीही दुसरीकडेच गेलो. आईला भीती वाटली. फुलांनी सजवलेली कार केली. काका लग्नाला आले, पोटभर जेवले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "कावून तोंड पाडून राहिली पोरी? बारातीत मी तिच्या पायाकडंच पायत रायतो. आज पयल्यांदा नवरदेवाचं तोंड पायलं."

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. चांदणीला न्यायला त्यांचे जावई राजनांदगावहून मेटॅडोर घेऊन आले. फळी लावली. गल्लीतले सगळे तिच्या मागच्या पायाकडे पाहत होते. आई सर्वांत पुढे उभी होती. चांदणी एका दमात वर चढली.

"चढली ना बरोबर," आई हळूच म्हणाली आणि घरात निघून गेली.