काटेकाका आणि होडी ओढणारी गाडी

काटेकाका पहिल्या भेटीत माणसाला नाव विचारत नसत, गाव विचारत नसत, वजन सांगत. विचारतसुद्धा नसत, सरळ सांगून मोकळे. चारकोप मार्केटात माझं चष्म्यांचं दुकान आहे. एका दुपारी हा सडसडीत, पांढऱ्या मिशांचा म्हातारा आत आला, खुर्चीवर बसला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "तुझं वजन चौऱ्याण्णव. किलोभर इकडे-तिकडे." मी भडकलो. सकाळीच बायकोने मला काट्यावर उभं केलं होतं आणि आकडा बरोबर चौऱ्याण्णवच आला होता, म्हणून जास्तच भडकलो.

ट्रॉम्बेच्या वाटेवर ट्रकांचा एक वजनकाटा होता, तिथे त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. भरलेला ट्रक काट्यावर चढवायचा, लोखंडी पत्र्याच्या बरोबर मधोमध थांबवायचा, वजन घ्यायचं, पुढचा. त्यावरून काटेकाका. आडनाव वेगळंच होतं, ते मला दारावरच्या पाटीमुळे ठाऊक. आमच्या सोसायटीत बाकी कुणाला तेही नाही. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. एका लग्नात नवरीच्या बापाला नमस्कार करायच्या जागी "बहात्तर" म्हणाले. बाप बिचारा हो म्हणाला.

काकू चारकोपच्या नव्हेत, मालाडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून मासळी स्वतः टेंपो चालवत आणायच्या, मग तीस-पस्तीस वर्षं मार्केटात बसल्या. गुडघा गेला तशी मार्केटातली जागा सोडली आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात बसून राहिल्या. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. "वाळत चालली रे ती," काका मला म्हणाले, "महिन्याला किलो." हे मात्र त्यांनी चेहरा पाडूनच सांगितलं. काकूंच्या वडिलांची एक लहान होडी माहेरी अजून उभी होती. तिथून रस्ता जायचा होता. भाच्याने निरोप पाठवला होता की पावसाच्या आत होडी न्या, नाहीतर ती फोडून टाकतील. काकांनी ठरवलं, होडी आणायची, सोसायटीत ठेवायची आणि दर रविवारी मार्व्याला पाण्यात सोडायची. त्यासाठी ट्रेलर हवा आणि ट्रेलर ओढायला गाडी हवी. सेकंडहँड, दोन लाखांच्या आतली.

हे सगळं काकूंना न सांगता. "जमतंय की नाही ते कळल्याशिवाय तिला आशा लावायची नाही," असं त्यांचं म्हणणं. ट्रेलर इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका वेल्डरने महिन्याभरात करून दिला. त्याच्या कागदपत्रांसाठी आम्ही जे हेलपाटे मारले ते मी इथे सांगत नाही. सांगायला लागलो की माझं ब्लडप्रेशर वाढतं.

माझी या कामात नेमणूक झाली ती चष्मेवाला म्हणून नव्हे, चौऱ्याण्णव किलो म्हणून. काकांचा हिशोब असा की होडी आणि ट्रेलर मिळून तीनशे सत्तर किलो. गाडी बघायला जाताना होडी काही बरोबर नेता येत नाही, तेव्हा तेवढ्या वजनाची माणसं न्यायची. मी, सोसायटीचे सेक्रेटरी परब अठ्ठ्याऐंशी, आणि तळमजल्यावरचे शिर्के बंधू, एक्क्याण्णव प्रत्येकी. बेरीज तीनशे चौसष्ट. उरलेले सहा किलो तांदूळ पिशवीत घालून माझ्या मांडीवर. "आत बसलेलं वजन आणि मागे बांधलेलं वजन एक नसतं," असं परब पहिल्याच दिवशी म्हणाले. "मग तू मागे बांधून घे," काका म्हणाले.

अशी आम्ही माणसं सलग सात रविवार होडी होतो. बायको विचारायची, आज कुठे? मी सांगायचो, घाटकोपरला, गाडी बघायला. कोण घेतंय? काटेकाका. मग तुझं काय काम? या प्रश्नाला मी शेवटपर्यंत सन्मानाने उत्तर देऊ शकलो नाही.

गाडी बघायची काकांची तऱ्हा अशी. विकणारा बॉनेट उघडायचा, एसी लावून दाखवायचा, नवीन सीट कव्हरं थोपटायचा. काका तिकडे ढुंकूनही बघत नसत. पिशवीतून कालचा पेपर काढायचे, गाडीखाली अंथरायचे आणि एकाहत्तराव्या वर्षी पाठीवर सरपटत आत जायचे. बराच वेळ नुसते दोन पाय बाहेर. "वरची गाडी गिऱ्हाइकाला दाखवायला असते," ते खालून बोलायचे, "माझी गाडी ही." ट्रेलरचा हुक जिथे बसायचा तिथला लोखंडी सांगाडा ते नखाने खरवडून बघत. खाऱ्या हवेतली गाडी असेल तर पोपडा निघायचा. पोपडा निघाला की काका बाहेर येऊन कपडे झटकायचे, विकणाऱ्याला त्याचं वजन सांगायचे आणि आम्ही निघायचो.

सांगाडा पास झाला तर चढाची परीक्षा. एका मॉलच्या तळघरातल्या पार्किंगचा चढ त्यांनी हेरून ठेवला होता. आम्हा चौघांना कोंबायचं, चढावर मध्येच गाडी उभी करायची आणि हँडब्रेक न लावता पुढे काढायची. एका डॉक्टरीणबाईंची छोटी पांढरी गाडी होती, लोण्यासारखा क्लच, एक ओरखडा नाही. चढावर ती आम्हाला घेऊन सावकाश मागे आली आणि वॉचमनच्या खुर्चीपाशी थांबली. वॉचमन आधीच उठला होता, नशीब. "होडी हिला पाण्यात ओढून नेईल," काका म्हणाले. डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. होडीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग कुर्ल्याला एक सात सीटांची डिझेल गाडी मिळाली. सांगाडा ठणठणीत. चढावर आम्हाला घेऊन अशी निघाली की धाकटा शिर्के "झकास!" म्हणून ओरडला. आम्हाला वाटलं, संपलं, आता रविवारी घरी झोपता येईल. काकांनी गाडी सपाटीवर आणली, इंजिन बंद केलं आणि क्लच दाबत बसले. दाब, सोड, दाब, सोड, मोजून तीस वेळा. मग उतरले. "नको."

घाटकोपरच्या जीपचं तेच. ती तर नुसती ओढत नव्हती, ओढायला उतावीळ होती. सांगाड्याला गंजाचा ठिपका नाही, मालक पहिलाच, पैसेही बसत होते. काकांनी तीस वेळा क्लच दाबला आणि म्हणाले, "नको." तोवर मे महिना अर्धा सरला होता. माझी सटकली. भर रस्त्यात तांदळाची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "काका, पावसाला पंधरा दिवस राहिलेत. तिकडे होडीचं सरपण होईल. ही गाडी ओढते की नाही?"

"ओढते."

"मग काय तिची आरती ओवाळू?"

"ओढते रे. पण चालवणार कोण?"

"कोण म्हणजे? तुम्ही!"

काकांनी पिशवी परत माझ्याकडे दिली. "दोन झटके येऊन गेलेत मला. तिसरा काय फोन करून येणार? होडी तिची, गाडी तिलाच चालवायची आहे. आणि तिचा डावा गुडघा गेलाय. हा असला दगडासारखा क्लच तिने मार्व्यापर्यंत दर सिग्नलला दाबायचा?"

सात रविवार आम्हाला वाटत होतं की ते होडीसाठी गाडी बघताहेत. ज्या गाडीचा क्लच हलका ती ओढत नव्हती आणि जी ओढत होती तिचा क्लच जड. दोन लाखांत दोन्ही मिळत नव्हतं, आणि हा माणूस ते कुणाला न बोलता एकटा घोळवत बसला होता. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. मी तसं म्हणालोही. "असू दे," काका म्हणाले, "तू भूक लागली की असाच बोलतोस."

मालकाला विनवून परबांनी जीप दोन तासांसाठी मागून घेतली आणि सोसायटीच्या गेटात आणून लावली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काकू खाली आल्या. जिन्याच्या चार मजल्यांना त्यांना दहा मिनिटं लागली. लिफ्ट त्या दिवशी बंद होती, हे परबांना आठवायला हवं होतं. काकूंनी जीपकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"होडीसाठी ना?"

काका दचकले. "तुला कुणी सांगितलं?"

"अवो, चार जाडे लोक दर रविवारी तांदूल घेऊन गारीत बसतात. अख्ख्या चारकोपला म्हायती हाय. भाच्याचा मना रोज फोन येतो. मना कवा इचारलं तुमी?"

काका अडखळत गुडघ्याचं सांगायला लागले. डावा गुडघा, क्लच, सिग्नल. काकू ऐकत राहिल्या. मग त्यांनी लुगड्यावरून उजव्या गुडघ्यावर थाप मारली. "मेला हा दुखतो. डाव्याला काय झालंय?"

काका मान्य करेनात. "डावाच! सहा वर्षं रोज मी तेल लावतो!"

"समोर बसून लावतात," काकू आम्हाला म्हणाल्या.

माझ्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. समोर बसलेल्या माणसाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. भले भले चुकतात, मीही एकदा चुकून एका मास्तरांना उलटा चष्मा दिला होता. पण सहा वर्षं, रोज संध्याकाळी, स्वतःच्या बायकोचा गुडघा! काका मातीत उभे राहून दोन्ही हात पुढे धरून तपासत होते, डावा, उजवा. थोरला शिर्के हसायला लागला आणि मग कुणालाच आवरेना. काका सगळ्यांत शेवटी हसले. डोळे पुसायला चष्मा काढला तेव्हा ते नुसतं हसू नव्हतं, एवढं मला दिसलं.

काकू तोवर जीपमध्ये चढल्या होत्या. डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. "टेंपोपेक्षा हलका हाय," म्हणाल्या. उजव्या पायाचं मी विचारलं. "त्याला नुसतं टेकून बसायचंय. चढउतार नको, बास." जीप त्याच संध्याकाळी ठरली.

होडी आणली ती मेच्या शेवटच्या रविवारी. काकू चालवत होत्या, काका शेजारी, आम्ही वजनदार मंडळी मागे, यावेळी तांदळाशिवाय. सोसायटीचा नियम असा की पार्किंगची जागा फक्त गाडीला. परबांनी मीटिंग बोलावली, त्यात स्वतःच विषय मांडला, स्वतःच अनुमोदन दिलं आणि जीप रस्त्यावर, होडी पार्किंगमध्ये असा ठराव पास केला. त्यांच्या कारकिर्दीतला मला पटलेला तो एकमेव ठराव.

पाऊस संपल्यावर दर रविवारी भरतीच्या वेळी मार्वे. उतारावर ट्रेलर उलटा पाण्यात न्यावा लागतो. काकू रिव्हर्स घ्यायच्या आणि काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहायचे. "येऊ दे… येऊ दे… येऊ दे… बास!" बत्तीस वर्षं ट्रक थांबवून कमावलेला आवाज. होडी तरंगली की काकू जाळं घेऊन एकट्या जायच्या. काका होडीत कधी बसले नाहीत, त्यांना पाण्याची भीती वाटायची. ते बॉनेटला टेकून ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचे आणि मग आम्हाला म्हणायचे, "दोन महिन्यांत साडेतीन किलो चढली बघ."

सव्वा वर्ष असं चाललं. जानेवारीत तिसरा झटका आला. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. मी दुकान चार दिवस उघडलं नाही. बायकोने विचारलं, नात्यात होते का? मी हो म्हणालो.

महिना झाला आणि एका रविवारी खाली जीपचा हॉर्न वाजला. आम्ही चौघंही बाहेर आलो आणि नेहमीच्या जागांवर बसलो. पुढची एक सीट रिकामी. मार्व्याला पोचलो, उतरलो, दोर सोडले. काकूंनी रिव्हर्स टाकला. ट्रेलर पाण्यात गेला. पाण्यात जिथे काका उभे राहायचे तिथे जायची आमच्यातल्या कुणाची छाती झाली नाही. आम्ही काठावर एकमेकांकडे बघत राहिलो. होडी तरंगली तरी जीप मागे येतच होती. मागची चाकं बुडाली, पाणी दाराला लागलं, तेव्हा मी धावत सुटलो. "काकू! ब्रेक! ब्रेक मारा!"

जीप थांबली. मी खिडकीपाशी गेलो. काकू आरशात बघत बसल्या होत्या.

"कोन बोललाच नाय रे, बास," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत व्हते."

मला तिथेच रडू कोसळलं. मार्व्याला रविवारची गर्दी, भेळवाला बघतोय, आणि मी खिडकीची काच धरून रडतोय. काकूंनी मला रडू दिलं. मग जीप काठावर घेतली आणि म्हणाल्या, "जा, मागं उभा ऱ्हा. परत घेते."

मी पँट दुमडली, पाण्यात उतरलो आणि वळून उभा राहिलो. "येऊ दे… येऊ दे… बास," मी म्हणालो.

"आयकू येत नाय!" काकू आतून ओरडल्या. "मोठ्यानं बोल!"

मी मोठ्याने म्हणालो.