तिसरं कपाट, खालचा कप्पा

आमच्या कारखान्यात कृत्रिम पाय बनतात आणि मावशी कागद सांभाळतात. यातलं अवघड काम कुठलं, हे मावशींना विचारू नये. मी एकदा विचारून बसलो. "पाय चुकला तर दुसरा करता येतो," त्या म्हणाल्या, "कागद हरवला की हरवला." वर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दिवसाला चार-पाच कागद हरवतोच.

बावीस वर्षं त्या दाराशेजारच्या खोलीत बसतात. खोलीत लोखंडाची चार कपाटं, एक खिडकी, एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मावशींची गंमत बघू. गंमत काय, त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यातसुद्धा चार कपाटं केली! मेल आला की वाचायचा, उत्तर द्यायचं आणि उचलून 'दुसरं कपाट, वरचा कप्पा' अशा नावाच्या फोल्डरात टाकायचा. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मावशी, याची गरज नाही. शोधायच्या चौकटीत शब्द टाकला की हवा तो मेल समोर येतो." मावशी म्हणाल्या, "घर आवरलेलं असलं की शोधायला लागत नाही."

हा कॉम्प्युटरवाला म्हणजे आमचा 'बंदचालू'. कसलीही तक्रार करा, त्याचा पहिला प्रश्न एकच: "बंद करून चालू केलंत का?" मागच्या वर्षी मावशींनी मशीन फार हळू चालतं म्हणून त्याचं डोकं खाल्लं होतं. त्याने येऊन काहीतरी खुटखुट केली, मशीन पळायला लागलं आणि जाताना त्याने बजावलं, "आणि हे बघा, ओळखीचं नसेल तिथे अजिबात क्लिक करायचं नाही." मावशींनी ते मनावर घेतलं. मावशी एकदा मनावर घेतात म्हणजे घेतात.

तर झालं असं. आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, बेकरीवाला. डावा पाय गुडघ्याखाली नाही. आठ वर्षांपूर्वी आमच्या मिस्त्रींनी त्याला पाय करून दिला होता आणि त्यावर तो रोज नऊ तास भट्टीसमोर उभा राहायचा. गेल्या महिन्यात मैद्याच्या गोण्यांची गाडी त्या पायावरून गेली आणि पायाचा चुरा झाला. "बरं झालं तोच पाय होता," असं म्हणत, हसत हसत आला बिचारा.

मिस्त्री जाऊन दोन वर्षं झाली. आता त्यांच्या जागी मी. मी माप घेतलं, पाय केला. बेकरीवाल्याला फोड आले. पुन्हा माप घेतलं, पुन्हा केला. पुन्हा फोड. तिसऱ्यांदा केला तेव्हा तो म्हणाला, "तासभर छान वाटतं, मग आत कोणीतरी चावतं." माझं डोकंच फिरलं. माझी मापं चुकत नाहीत हो! मिलिमीटरचाही फरक नसतो. अख्ख्या कारखान्याला विचारा.

शुक्रवारी तो आला तो हसत नव्हता. मेहुण्याने बेकरी विकत घ्यायला गिऱ्हाईक आणलं होतं. सोमवारी हो किंवा नाही सांगायचं होतं. "बसून करायचा धंदा नाही हा," तो म्हणाला. "उभं राहता येत नसेल तर द्यावीच लागेल." बापाने बांधलेली भट्टी. बोलताना तो माझ्याकडे बघतही नव्हता आणि मला ते फार लागलं.

मावशी दारातून ऐकत होत्या. "मिस्त्रींनी तुझ्या पायाबद्दल शेवटी एक मेल लिहिला होता," त्या म्हणाल्या. "चार वेळा बदल केले होते त्यांनी. कशाने जमलं ते त्यात आहे. उद्या ये, काढून ठेवते." उद्या! जसं काही पाणी काढून ठेवायचं होतं.

तो गेल्यावर त्यांनी शोधायच्या चौकटीत 'बेकरी' टाकलं. चार महिन्यांपूर्वीचा एक मेल आला, आम्ही पाव मागवल्याचा. 'मिस्त्री' टाकलं. काही नाही. 'डावा पाय' टाकलं, तर या वर्षीचे सगळे डावे पाय हजर. त्याआधी जगात कोणाला डाव्या पायाची अडचण आलेलीच नाही, असं मशीनचं म्हणणं.

"तुमच्या आवरलेल्या घरात बघा की," मी म्हटलं. टोमणाच होता.

मावशींनी 'तिसरं कपाट, खालचा कप्पा' उघडलं. ते रिकामं होतं. शेजारचं उघडलं, तेही रिकामं. बावीस वर्षांत मी मावशींचा चेहरा असा पडलेला पाहिला नव्हता. "मी शब्द दिलाय रे त्याला," त्या हळूच म्हणाल्या. मला माझ्या टोमण्याची लाज वाटली.

मग बंदचालूला फोन. "बंद करून चालू केलंत का?" केलं. "कचऱ्याच्या डब्यात पाहिलंत?" मावशी म्हणाल्या, "मी कागद कचऱ्यात टाकत नाही." "शोध फक्त इनबॉक्समध्ये लावलाय की सगळ्या फोल्डरांत?" तो सगळ्या फोल्डरांतच लावलेला निघाला. तरी वर्षाच्या पलीकडे मशीन जाईना. बंदचालू म्हणाला, शोधाची यादी नव्याने बनवावी लागेल. ती बनायला संध्याकाळ झाली आणि बनून आली ती तशीच, वर्षभराची. शेवटी शनिवारी सकाळी तो स्वतः आला.

त्याने तो रिकामा कप्पा उघडला, खाली बोट ठेवलं आणि विचारलं, "मावशी, ही ओळ काय आहे?"

कप्प्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: जुने मेल सर्व्हरवर आहेत, पाहण्यासाठी इथे क्लिक करा.

"जाहिरात आहे," मावशी म्हणाल्या. "वर्षभर येते. मी बरी तिला हात लावीन! तूच सांगितलंस ना, ओळखीचं नसेल तिथे क्लिक करायचं नाही?"

बंदचालूने डोक्याला हात लावला. मग सेटिंग उघडलं. मशीनवर किती महिन्यांचे मेल ठेवायचे, तिथे 'बारा महिने' होतं. मशीन पळावं म्हणून मागच्या वर्षी कोणी खुटखुट केली होती, हे आम्हाला तिघांनाही आठवलं. "म्हणजे हरवलं काहीच नाही," तो घाईने म्हणाला. "इथे उतरवले नव्हते, एवढंच. आता 'सगळे' करतो." मावशींनी त्याला चहा दिला, तोही बिनसाखरेचा.

तासाभरात कप्पे भरायला लागले. बंदचालू म्हणाला, "आता शोधून बघा." पण मावशी शोधतात कसल्या! त्या थेट तिसऱ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेल्या, वरून सहावा मेल उघडला आणि मला म्हणाल्या, "घे तुझी मापं."

मापं नव्हतीच. मिस्त्रींनी लिहिलं होतं: "बेकरीवाल्याची सगळी मापं पहिल्यापासून बरोबर होती. पण हा माणूस माप घेताना शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहतो आणि भट्टीसमोर उजवीकडे कलून. त्याला बोलण्यात गुंतवा, कलला की मग भार कुठे पडतो त्याची खूण करा. आपल्या दाढीवाल्यालाही हे सांगा. हात चांगला आहे त्याचा, पण तो माणसाशी बोलत नाही, नुसता मोजतो."

दाढीवाला म्हणजे मी.

"आठ वर्षं!" मी ओरडलोच. "आठ वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही?"

मावशींनी बोट खाली सरकवलं. मेलखाली त्यांचं उत्तर होतं, त्याच दिवशीचं: "दाढीवाल्याला वाचून दाखवलं. काम करत होता. म्हणाला, हो हो, फाईल करून ठेवा. केली."

बंदचालू एवढा खूश मी कधी पाहिला नव्हता.

बेकरीवाला आला. मी त्याला उभं केलं, तर तो ताठ. आता बोलायचं म्हणजे काय बोलायचं? "काय मग," मी म्हटलं. "काही नाही," तो म्हणाला. संपलं. घामाघूम झालो मी. शेवटी आतून मावशीच आल्या आणि आल्या त्या भांडतच. "हे बघ, मागच्या वेळचे तुझे पाव आतून ओले होते."

"माझे पाव? ओले?" बेकरीवाला उसळला. "मावशी, तीस वर्षांत कोणी बोललं नाही! तुम्ही गरम गरम पिशवीत कोंबलेत, त्याला मी काय करू?" हात हलवत, भट्टी किती तापवायची, पाव कधी काढायचा, हे तो त्यांना समजावून सांगायला लागला आणि बघता बघता सगळा भार उजवीकडे टाकून आरामात कलला. मी खाली बसून होतो. खूण केली. माझ्या आधीच्या खुणेपासून ती चांगली बोटभर लांब होती. तीन पाय मी एका अशा माणसासाठी केले होते, जो फक्त माझ्यासमोर उभा असायचा.

त्या दिवशी आणि रविवारी बसून पाय नीट केला. सोमवारी दुपारी मावशींच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या, ठेवला.

"काय म्हणाला?" मी धावतच गेलो.

"सकाळपासून उभा आहे. मेहुण्याला नाही म्हणून सांगितलं." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "आणि पाव पाठवतोय, कोरडे आहेत का बघा म्हणे. बस इथे. आपण बोलू थोडं. तुला सवय नाही."

मी बसलो.